छत कशावर उभं आहे? मराठवाड्यातल्या जुन्या वास्तूंचा काळ ओळखायची माझी रीत

जुन्या देवळात शिरलं की लोक आधी मूर्ती बघतात. बघा, हरकत नाही. पण काळ ओळखायचा असेल तर मान वर करा. छत कशावर उभं आहे आणि वरचं वजन कुठून कुठं उतरतंय, हे आधी बघायचं. मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो, बहुतेक नोकरी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यात झाली. इतिहासाची पदवी माझ्याकडं नाही. पण उभं आयुष्य स्लॅब, लिंटेल आणि भिंतींना गेलेले तडे तपासण्यात गेलं की देवदर्शनाला गेल्यावरही नजर तुळईकडंच जाते. निवृत्तीनंतर हाच नाद लागला.

मूर्तीवर भरवसा का ठेवायचा नाही, तर मूर्ती हलते. नव्या देवळात जुनी मूर्ती असते, जुन्या देवळात जयपूरहून आणलेली संगमरवरी असते. गावात विचारलं तर पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं सांगतात. छत मात्र कुणाला उचलून नेता येत नाही.

आपल्याकडं दोन हजार वर्षांत छत पेलायच्या ढोबळ चार रीती झाल्या. एक, डोंगरच आतून कोरायचा. दोन, खांबावर आडवी तुळई ठेवायची. तीन, कमान आणि घुमट. चार, लाकडाची चौकट, आणि तिच्या जागी पुढं आलेला लोखंडी गर्डर. चारही बघायला मराठवाड्याबाहेर जावं लागत नाही.

सोबत टॉर्च, पाच मीटरचा टेप, वही आणि पेन्सिल घ्या. टॉर्च भिंतीवर समोरून मारायचा नाही. भिंतीला चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे टाकीचे, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीचे, घाव, पुसट अक्षरं, झिजलेली नक्षी सावलीमुळं वर येते. उन्हाचंही तसंच. दुपारी बाराला कोरीव काम सपाट दिसतं, सकाळी आठ-नऊला किंवा उतरत्या उन्हात बघा. अजिंठ्याच्या चित्रांवर मात्र फ्लॅश चालत नाही, तिथं डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं.

कोरलेलं की बांधलेलं?

पहिल्यांदा सांधा शोधा. दोन दगड भेटतात ती रेघ कुठंच सापडली नाही तर वास्तू कोरलेली. कोरलेल्या लेण्यात खांब पुष्कळ वेळा नावालाच असतो. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला चैत्यगृहातले, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यातले, खांब ठिकठिकाणी पडून गेलेत, वरचा डोंगर होता तिथंच आहे. मग खांब कोरलाच कशाला? कारण त्या काळी खऱ्या इमारती लाकडाच्या होत्या आणि कारागिरांचा हात लाकडावर बसलेला होता. त्या लाकडी इमारती गेल्या, त्यांचा साचा दगडात उरला.

हे बघायला अजिंठ्याला ९, १०, १९ आणि २६ ही चार चैत्यगृहं ओळीनं बघा. ९ आणि १० इसवी सनापूर्वीची. त्यांच्या कमानदार छताला एकेकाळी खऱ्या लाकडी फासळ्या लावलेल्या होत्या. खांब साधे अष्टकोनी, स्तूपही साधा, त्यावर मूर्ती नाही. १९ आणि २६ ही पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. इथं फासळ्या दगडातच कोरल्यात, खांबांवर नक्षी ओसंडून वाहतेय आणि स्तूपाच्या पुढ्यात बुद्ध आहे. दोन्हींच्या मध्ये पाच-सहाशे वर्षांचं अंतर आहे. वेरूळचं १० क्रमांकाचं लेणं त्याच्याही पुढचं. त्याला लोक सुताराचं लेणं म्हणतात, आणि छताकडं बघितलं की नाव पटतं: दगडी फासळ्या अशा ओळीत आहेत की सुतारानं रंधा मारून बसवल्यागत.

विहार, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची लेणी, त्याहून सोपी. मधला चौक मोकळा, खांब नाही, तिन्ही बाजूंना खोल्या, खोल्यांत दगडी ओटे आणि मूर्तीचा पत्ता नाही, तर जुना विहार. अजिंठ्याचं १२ क्रमांक बघा. चौकात खांबांची रांग आली आणि समोरच्या भिंतीत गाभारा काढून बुद्ध बसवला, तर नंतरचा. १, २, १६, १७ बघा. १६ मध्ये हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेखच आहे.

माझं आवडतं लेणं म्हणाल तर अजिंठ्याचं २४. पर्यटक तिथं थांबत नाहीत कारण ते अर्धवट आहे. पण काम कसं चालायचं हे अर्धवट कामातच दिसतं. पाथरवटांनी वरून खाली येत दगड काढलाय, कुठं खांब नुसते ठोकळे आहेत, कुठं आकार यायला लागलाय. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी छत फिनिश, मग भिंती, शेवटी फरशी. परांचीवर उभं राहायची गरजच नाही, पायाखालचा डोंगर हीच परांची.

वेरूळचा कैलास, १६ क्रमांक, याच रीतीचा कळस. दारातून आत शिरण्याआधी, बाजूच्या पायवाटेनं वर जाऊ देत असतील तर डोंगरावरून बघा. तीन बाजूंनी खोल चर खणून मधे पहाडाचा ठोकळा सोडला आणि तो शिखरापासून जोत्यापर्यंत कोरत आणला. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचं हे काम. आता शिखराची ठेवण बघा. मजल्यावर मजला चढत जातो, म्हणजे द्राविड पद्धत. वेरूळच्या डोंगरात द्राविड शिखर कुठून आलं? राष्ट्रकूटांनी सत्ता घेतली ती बदामीच्या चालुक्यांकडून, आणि कैलासाचं पट्टदकलच्या विरूपाक्ष देवळाशी साम्य उघड दिसतं. तलवारीमागं टाकी-हातोडाही प्रवास करतो.

शिखरांचं गणित इथंच सांगून टाकतो. बाकदार रेघा अखंड वर जाऊन माथ्यावर चपट्या आवळ्यासारखा आमलक बसला, तर नागर. पायरीपायरीनं मजले, तर द्राविड. चार बाजूंना चार उभे पट्टे आणि मधल्या जागेत छोट्या-छोट्या शिखरांच्या ओळी रचलेल्या, तर भूमिज. आपल्या आणि माळव्याच्या पट्ट्यात भूमिज फार. अडचण एवढीच की मराठवाड्यात मूळ शिखर शाबूत असलेली देवळं थोडीच. म्हणून पुन्हा छताकडंच यावं लागतं.

बांधलेल्या वास्तूंकडं वळण्याआधी धाराशिवजवळच्या तेरला जाऊन या. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे आणि मागची बाजू गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. लेण्यात जो आकार कोरलेला बघितला तोच इथं विटांत बांधलेला दिसतो.

तुळई, आणि तिची मर्यादा

मराठवाड्यातली खरी दौलत अकराव्या ते तेराव्या शतकातली देवळं. भोकरदन तालुक्यातलं अन्वा, निलंग्याचं नीलकंठेश्वर, देगलूरजवळचं होट्टल, अंबाजोगाईजवळची धर्मापुरी, जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, औंढा नागनाथ. यातलं तुमच्या घराजवळचं जे असेल तिथून सुरुवात करा.

सभामंडपात चार मधल्या खांबांच्या बरोबर मध्ये, रंगशिळेवर, म्हणजे फरशीतल्या मधल्या मोठ्या शिळेवर, उभे राहा. दोन खांबांमधलं अंतर टेपनं मोजा. ते एका मर्यादेपुढं जात नाही. कारण दगड दाबाला जबरदस्त, वाकायला नाजूक. दगडी तुळई लांब केली की तिच्या पोटात, मधोमध, तडा जातो. आज आपण तिथं सळई घालतो. तेव्हा सळई नव्हती, म्हणून खांब जवळ घेतले. मंडपात खांबांची दाटी का असते, याचं उत्तर भक्तीत शोधू नका, तुळईच्या पोटात शोधा. टॉर्च मारून बघा, जुन्या देवळात एखाद्या तरी तुळईला असा तडा सापडतो. तिला खालून कुणी गर्डरचा टेकू दिलेला असतो, नाहीतर ती तशीच शेजारच्या दगडांच्या आधारानं टिकून असते.

आता खांबावरून नजर खालून वर न्या. बुडाशी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, त्यावर चरकावर फिरवल्यागत कड्या. माथ्यावर चारी बाजूंना हात पसरलेले ब्रॅकेट, बऱ्याचदा त्यावर पोट फुगवून भार घेणारे कीचक. कीचक गमतीचे दिसतात, पण त्यांची जागा हिशेबाची आहे. ब्रॅकेट बाहेर आला की तुळईचं उघडं अंतर तेवढंच कमी होतं.

त्याच्या वर खरी मजा. चार तुळयांचा चौकोन झाला, आता तो झाकायचा कसा? एवढी मोठी शिळा चढवणं अवघड आणि ती मोडायची भीती. मग कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवले. चौकोन लहान झाला आणि फिरला. पुन्हा कोपरे कापले, पुन्हा लहान झाला. असं करत शेवटी मधे एक दगड बसेल एवढंच भोक उरलं, तिथं कमळ कोरलेली शिळा ठेवली. किती थरांत काम आटोपलंय ते मोजा आणि वहीत चित्र काढा. चित्र काढल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. मंडप मोठा असेल तर थर गोल गोल होत आत सरकतात आणि खालून बघणाऱ्याला घुमट वाटतो. पण तो घुमट नव्हे. प्रत्येक दगड आडवाच ठेवलेला आहे, थोडा पुढं सरकवून.

मग बाहेर येऊन सांधे बघा. चुना नाही. घडीव दगड एकमेकांवर नुसते बसवलेत, वजनानं आणि खाचांनी धरलेत. भिंत सरळ नाही, कोपऱ्यांवर कोपरे काढलेत. निलंग्याला तर गाभाऱ्यांचा आराखडा चांदणीसारखा फिरवलाय. उन्हात अशा भिंतीवर उभ्या सावल्या पडतात आणि काळा दगड जिवंत वाटतो.

अशा प्रत्येक देवळाला आपल्याकडं हेमाडपंती म्हणायची पद्धत आहे. हेमाद्री पंडित यादव राजा महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. होट्टलचं सिद्धेश्वर अकराव्या शतकातलं, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. हेमाद्रीच्या पणजोबाचाही जन्म व्हायच्या आधीचं म्हणा ना. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंगा-उमरग्यापासून हाकेच्या अंतरावर. म्हणून दक्षिण मराठवाड्यातल्या देवळांवर चालुक्यांची बारीक, दागिन्यासारखी नक्षी जास्त दिसते. यादवकाळाच्या अखेरीकडं येता येता काम उरकतं होत जातं, मूर्तींऐवजी भौमितिक पट्टे वाढतात, भिंती सपाट होतात. हा ढोबळ नियम आहे, पण दहात आठ वेळा बरोबर येतो.

एकाच देवळात दोन काळ ओळखायला औंढ्याला जा. खाली भिंतीवर एक बोट जागा मोकळी नाही एवढं दगडी कोरीव काम. वर चुन्यानं लिंपलेलं, पांढरं, गुळगुळीत शिखर. वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धारातला. खाली घडीव काळा दगड आणि वर वीट-चुना दिसला की समजायचं, मधे काहीतरी पडझड झाली आणि पुढं कुणी तरी उभारणी केली. दीपमाळ, नगारखाना आणि भोवतीच्या ओवऱ्या बहुतेक ठिकाणी मराठा काळातल्या. वेरूळचं घृष्णेश्वर असंच अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभं केलेलं आहे.

एक तक्रार करून पुढं जातो. देवळं ऑइलपेंटनं रंगवायची हौस कुणी लावली कोण जाणे. गुलाबी खांब, निळे कीचक, चंदेरी नंदी. रंगाखाली टाकीचे घाव बुजतात, सांधे दिसेनासे होतात. अशा ठिकाणी नाद सोडू नका, छत बघा. रंगाऱ्याची शिडी सहसा मधल्या कमळापर्यंत पोचलेली नसते.

कोपऱ्याचा तोच प्रश्न, दुसरं उत्तर

कमान कुठून आली हे देवगिरी म्हणजे दौलताबादला चांगलं कळतं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी तिथं आला, १३१८ मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात किल्ल्यात जामा मशीद बांधली गेली. आज तिथं भारतमातेचं मंदिर आहे. आत जाऊन खांब बघा. चौकोन, अष्टकोन, कड्या. मघाशी देवळात बघितलेलेच खांब, काढून आणून उभे केलेले. मागणी नव्या राज्यकर्त्याची, साहित्य आणि हात इथले. थोडं पुढं चांदमिनार, पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. वरच्या किल्ल्यासाठी तर अख्खा कडा तासून उभा केलाय, म्हणजे कोरायची जुनी विद्याही त्याच आवारात हजर.

कमानीत दगड आडवा नसतो, पाचरीसारखा कापून तिरका बसवलेला असतो. वरचं वजन आलं की पाचरी एकमेकींना दाबतात, वाकायचा प्रश्नच उरत नाही. म्हणून कमानीनं तुळईपेक्षा कितीतरी मोठं अंतर ओलांडता येतं. बदल्यात ती दोन्ही बाजूंना रेटा देते. तो रेटा घ्यायला भिंत जाड हवी आणि सांध्यात चुना हवा. जाड भिंत, चुना आणि मोकळं दालन ही तीन एकत्र दिसली तर कमानीचा काळ. संभाजीनगरचा भडकल दरवाजा, १६१२ मध्ये मलिक अंबरनं बांधलेला, याखाली उभं राहून हे तपासता येतं. वाहतूक सांभाळा.

घुमटाखाली उभं राहिलात तर थेट कोपऱ्याकडं बघा. खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा तर कोपऱ्यांचं काहीतरी करावंच लागतं. देवळातल्या कारागिरानं तिथं तिरका दगड टाकला होता. इथं कोपऱ्यात छोटी कमान फिरवलीय, चौकोनाचा अष्टकोन केलाय आणि त्यावर घुमट ठेवलाय. अडचण एकच, दोन गवंड्यांनी दोन तऱ्हांनी सोडवली. मला विचाराल तर भारतीय वास्तुकलेचा निम्मा इतिहास या कोपऱ्यात आहे. अन्वा बघून तिसऱ्या प्रहरी दौलताबाद गाठलंत तर एका दिवसात तो तुमच्या वहीत येतो.

बिबी का मकबऱ्याला गाइड ताजमहालाची नक्कल म्हणून पुढं ढकलतात. ते सोडा. प्रवेशद्वारावरच्या लेखात बांधणाऱ्यांची नावं आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. औरंगजेबाच्या बेगम दिलरास बानू यांची ही कबर १६६० च्या सुमारास पुरी झाली. मुख्य इमारतीच्या भिंतीवर हात फिरवल्यागत नजर फिरवा. खाली संगमरवर, मग एका उंचीवर तो थांबतो आणि वर घुमटापर्यंत आपला काळा दगड, वरून चुन्याचा बारीक गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी. पैसा कुठं खर्च करायचा आणि कुठं वाचवायचा याचा हिशेब हंसपतरायांनी कसा मांडला असेल, हे अंदाजपत्रकं केलेल्या माणसाला लगेच दिसतं. आणि गिलाव्यातली वेलबुट्टी बघितली की स्वस्तातलं काम म्हणवत नाही.

नळदुर्गचा पाणीमहाल, १६१३ च्या सुमाराचा, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, पावसाळ्यात बघा. बोरी नदीवर बंधारा, बंधाऱ्याच्या पोटात दालन, अंगावरून पाणी पडतंय आणि आतला माणूस कोरडा.

माळवद, वाडा आणि गर्डर

लाकडाच्या रीतीसाठी कुठं तिकीट काढावं लागत नाही. पैठणचा, अंबाजोगाईचा किंवा तुमच्याच गावातला जुना वाडा चालतो. ढेलजेतून आत जा, चौकात उभे राहा. उथळ्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, खांब, खांबावर तुळई, तुळईवर सरे, म्हणजे ओळीनं टाकलेली आडवी लाकडं, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद. दोन खांबांमधला एक खण, आणि घर किती खणांचं यावरून ऐपत मोजायची. खांबांमध्ये नक्षीदार महिरप असते, तिला कमान समजू नका. ती नुसती लाकडी झालर, वजन सगळं वरच्या तुळईवर. खांबाचा सुरूसारखा आकार आणि कोपऱ्यातलं केळफूल हे मोगली घाटाचे, मराठा काळात वाड्यांत रुळलेले.

भिंत किती जाड हे दाराच्या चौकटीत टेप लावून मोजा. आत धान्याचं बळद, म्हणजे भिंतीतली कोठी, निघालं तर नवल नाही. ही जाडी फसवी असते हे किल्लारीच्या भूकंपानं शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर मी त्या भागात पंचनाम्यांना होतो. भिंती दोन पदरी होत्या, बाहेर एक, आत एक, मधे माती आणि खडी, दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नाही. माळवदावर दर पावसाळ्याआधी माती टाकत गेल्यानं छत जड झालेलं. भिंतीचे पदर सुटले आणि छत खाली आलं. पण जिथं सरे भिंतीवर न टेकता खांब-तुळयांच्या चौकटीवर होते आणि सुताराचे सांधे पक्के होते, तिथं भिंत बाहेर पडून छत उभं राहिल्याचंही बघितलं. म्हणून जुन्या घरात शिरल्यावर बघा, सरे कशावर टेकलेत. काळ ओळखण्याशी याचा संबंध कमी आहे, पण त्या घरात कुणी राहत असेल तर हे आधी बघा.

लोखंडी गर्डर आणि त्यावर शहाबादी फरशी दिसली की निजामी राजवटीच्या शेवटच्या टप्प्यापासून पुढचं बांधकाम धरा. लातूरची गंजगोलाईही निजामाच्याच अमलातली. मधे गोल इमारत आणि तिच्याकडं येणारे सोळा रस्ते. ती छतापेक्षा आराखड्यासाठी बघा, आणि बाजार भरायच्या आधी.

वहीत प्रत्येक वास्तूला एक पान ठेवा. वर गावाचं नाव, खाली चारच ओळी: छत कशावर, सांध्यात काय, दोन खांबांमधलं अंतर किती, कोपरा कसा सोडवलाय. फोटो किती का काढेनात, छताचा एक जमिनीवर उताणं पडून काढा. लोक हसतात, हसू द्या. बाहेर पडण्याआधी वार बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.